नालासोपाऱ्यात छोटं घर घेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत नोकरी, वर्षानुवर्षं भाड्याचं घर, दर 11 महिन्यांनी सामान बांधायची धास्ती, आणि कर्ज धरून सगळी ऐपत वीस-तीस लाखांची. अशा कुटुंबांना पश्चिम रेल्वेवर नालासोपारा हे नाव टाळता येत नाही. मी इथे राहते, सोसायटीच्या कामात असते, आणि घर घेऊ पाहणाऱ्या ओळखीच्या-अनोळखी माणसांबरोबर कागद बघायला बसते. पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. मी वकील नाही. व्यवहार करण्याआधी कागद वकिलाला दाखवायचेच आहेत, पण वकिलाकडे जाताना काय विचारायचं हे तुम्हाला ठाऊक असावं, एवढ्यासाठी हे लिहिलं आहे.

नातेवाईक म्हणतात, "नालासोपारा? तिथे कशाला?" वस्ती खरंच तेवढी वाईट आहे का?

नाव खराब आहे, हे खरं. चोऱ्या, मारामाऱ्या, अमली पदार्थांच्या बातम्या येतात आणि त्यातल्या बऱ्याच खऱ्याही असतात. पण "नालासोपारा" म्हणून ज्याकडे बोट दाखवलं जातं ते एक गाव नाही. चर्चगेटपासून साधारण 56 किलोमीटरवरच्या या स्टेशनाच्या दोन्ही बाजूंना लाखो माणसं राहतात. गिरण्या बंद पडल्यावर लालबाग-परळच्या खोल्या विकून आलेली कोकणी कुटुंबं आहेत, उत्तर प्रदेशातून आलेले कामगार आहेत, गुजराती दुकानदार आहेत, आणि सोपारा-नाळे-उमराळे पट्ट्यात पिढ्यान् पिढ्या शेती-वाडी करणारे वाडवळ, भंडारी, सामवेदी, आगरी आहेत. एका गल्लीत संध्याकाळी मुलं क्रिकेट खेळतात, बायका ओट्यावर बसून भाजी निवडतात. दोन गल्ल्या सोडून पलीकडे अंधार पडल्यावर जायला नको वाटतं. दोन्ही नालासोपाराच.

हे गाव कालपरवा उगवलेलंही नाही. प्राचीन शूर्पारक बंदर ते हेच. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथला बौद्ध स्तूप उकरला. अशोकाच्या शिलालेखाचे तुकडेही इथे सापडले आहेत. आपल्या पत्त्याची लाज वाटणाऱ्या मुलांना सुट्टीच्या दिवशी तो स्तूप दाखवून आणा, असं मी सांगते.

मला मनापासून वाटतं ते असं : इथे घर घेऊन ज्यांचं आयुष्यभराचं नुकसान झालं, त्यांना वस्तीने बुडवलं नाही, खोट्या कागदांनी बुडवलं. वस्तीच्या नावाची चौकशी सगळे करतात. इमारतीच्या परवानगीची चौकशी करणारी माणसं मला फार थोडी भेटतात.

पूर्वेला घ्यावं की पश्चिमेला?

पश्चिमेला श्रीप्रस्थ, निळेमोरे, पाटणकर पार्क या भागांत वस्ती तुलनेने जुनी आणि मोकळी आहे. पुढे गेलं की बागायती आणि कळंब-राजोडीचा किनारा. दरही त्या मानाने चढे. पूर्वेला तुळींज, आचोळे रोड, सेंट्रल पार्क, एव्हरशाइन, अलकापुरी, नगीनदास पाडा, मोरेगाव, आणि हायवेच्या बाजूला संतोष भुवन, धानीव बाग, पेल्हार. स्टेशनापासून जितकं दूर जाल तितका दर उतरतो, आणि कागद तपासण्याची गरज तितकी वाढते. पूर्वेलाही पूर्ण कागदांच्या उत्तम सोसायट्या आहेत आणि पश्चिमेलाही अनधिकृत मजले आहेत. बाजू बघून निर्णय करू नका.

एकाच रस्त्यावर एक वन बीएचके तीस लाखांना आणि दुसरा पंधराला कसा?

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देते.

वय, लिफ्ट, मजला यांनी किमतीत फरक पडतो, पण निम्मा पडत नाही. दर निम्मा असेल तर बहुतेक वेळा जमीन तरी गोत्यात असते किंवा बांधकामाला परवानगीच नसते. बिल्डरने सरकारी, आरक्षित किंवा दुसऱ्याच्याच मालकीच्या जमिनीवर झटपट चार-पाच मजले चढवलेले असतात, आणि विकून तो मोकळा होतो.

आचोळे हद्दीतल्या अग्रवाल नगरी-वसंत नगरी भागातल्या 41 इमारतींचं काय झालं हे प्रत्येकाने माहीत करून घ्यावं. कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव जमिनीवर त्या उभ्या होत्या. 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयातही रहिवाशांना दिलासा मिळाला नाही, आणि 2025 च्या सुरुवातीपर्यंत टप्प्याटप्प्याने सगळ्या जमीनदोस्त झाल्या. अडीच हजारांच्या आसपास कुटुंबं रस्त्यावर आली. ती माणसं घुसखोर नव्हती. त्यांनी पैसे मोजले होते, वर्षानुवर्षं घरपट्टी भरली होती, दारावर नावाच्या पाट्या लावल्या होत्या.

पाडकामाइतकीच दुसरी भीती बांधकामाच्या दर्जाची. परवानगी नसलेल्या इमारतीत सळई किती, सिमेंट किती, हे कुणीच तपासलेलं नसतं. 2025 च्या ऑगस्टमध्ये विरार पूर्वेला विजय नगरात चार मजली अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून 17 जण गेले. ती इमारत काही पन्नास-साठ वर्षं जुनी नव्हती.

इमारत अधिकृत आहे हे मी स्वतः कसं तपासू?

क्रमाने जा. आधी जमीन, मग परवानगी, मग भोगवटा, आणि शेवटी विकणाऱ्याची मालकी.

जमिनीचा सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर मागा. तो मिळाला की महाभूमीच्या संकेतस्थळावर सातबारा बघता येतो. मालकाचं नाव, इतर हक्कातल्या नोंदी, कुळ, बोजा, "सरकार" किंवा "वनखाते" असा शेरा, हे सगळं तिथेच कळतं. जमीन बिनशेती झाल्याचा आदेश आहे का ते विचारा. विकास आराखड्यात त्या सर्व्हे नंबरवर आरक्षण आहे का, हे महापालिकेच्या नगररचना विभागात समजतं. वर सांगितलेल्या 41 इमारतींच्या बाबतीत हा एक प्रश्न पुरेसा होता.

मग बांधकाम परवानगी, म्हणजे सगळे जिला "सीसी" म्हणतात ती. इथे थोडा इतिहास कामाला येतो. 1990 पासून वसई-विरार पट्ट्याचं नियोजन सिडको या सरकारी महामंडळाकडे होतं. महापालिका 3 जुलै 2009 ला स्थापन झाली आणि 2010 मध्ये परवानग्या देण्याचं काम तिच्याकडे आलं. म्हणजे 2004 च्या इमारतीच्या परवानगीवर सिडकोचं नाव हवं आणि 2014 च्या परवानगीवर महापालिकेचं. 2012 ला उभी राहिलेली इमारत कुणी "ग्रामपंचायतीच्या परवानगीची" म्हणून दाखवत असेल तर तिथूनच परत फिरा.

परवानगीच्या झेरॉक्सवर विश्वास ठेवू नका. शिक्के, सह्या, जावक क्रमांक, सगळं बनवलेलं सापडलं आहे. त्यावरचा क्रमांक आणि तारीख लिहून घ्या आणि विरारला महापालिकेच्या मुख्यालयात नगररचना विभागाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज टाका : अमुक सर्व्हे नंबरवर अमुक क्रमांकाची परवानगी दिली आहे का, किती मजल्यांना, नकाशाची प्रत मिळावी. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. एजंट म्हणेल, तोवर फ्लॅट जाईल. जाऊ द्या. वीस वर्षांच्या हप्त्यांपुढे तीस दिवस काहीच नाहीत.

परवानगी खरी निघाली तरी मजले मोजा. परवानगी तळमजला अधिक चारची आणि इमारत तळमजला अधिक सहाची, असं इथे सर्रास दिसतं. वरचे दोन मजले अनधिकृत, आणि स्वस्तात विकायला निघालेला फ्लॅट नेमका पाचव्या किंवा सहाव्यावर. स्टिल्ट पार्किंगच्या जागी काढलेल्या तळमजल्यावरच्या खोल्यांचंही तेच.

शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे "ओसी". सीसी आहे पण ओसी नाही अशा इमारती इथे पुष्कळ आहेत, आणि सगळ्याच टाकाऊ नसतात. ओसी का अडलं ते मात्र लेखी कारणासह कळायला हवं. बिल्डरने विकास शुल्क थकवलं असेल तर सोसायटी धडपड करून ते सोडवू शकते. नकाशापेक्षा जास्त बांधलं असेल तर ते ओसी सहजासहजी येणार नाही. सीसीच नसेल तर पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. दर कितीही कमी असो, घेऊ नका.

घरपट्टीची पावती, लाइट मीटर, रजिस्ट्रेशन, बँकेचं कर्ज, सगळं आहे म्हणतात. मग अनधिकृत कसं असेल?

असू शकतं, आणि या एका गैरसमजाने जितकी घरं बुडाली तितकी दुसऱ्या कशाने बुडाली नसतील.

महापालिका अनधिकृत बांधकामालाही घरपट्टी लावते, वर शास्ती, म्हणजे दंड लावते. कर घेतला म्हणून बांधकाम नियमित होत नाही, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. पावतीवर "शास्ती" असा रकाना भरलेला दिसला तर तो तुमच्यासाठी सरळ इशारा आहे. महावितरणचं मीटर तुम्ही तिथे राहता एवढंच सांगतं. दुय्यम निबंधकाकडची नोंदणी तुमच्या आणि विक्रेत्याच्या व्यवहाराची असते. इमारतीच्या परवानगीचा दाखला म्हणून तिच्याकडे बघू नका.

कर्जाचं थोडं वेगळं आहे. राष्ट्रीयीकृत बँकेच्या वकिलाने आणि इंजिनिअरने कागद तपासून कर्ज दिलं तर तो चांगला संकेत आहे, हमी मात्र नाही. पतपेढी किंवा छोटी वित्त कंपनी दोन-चार टक्के जास्त व्याजाने "लगेच मंजूर" म्हणत असेल, तर मोठ्या बँकेने त्या इमारतीला नकार का दिला ते आधी शोधा. मी तर सुचवते की घर मनात भरलं की आधी एखाद्या राष्ट्रीयीकृत बँकेत जाऊन "या इमारतीत तुमचं कर्ज चालू आहे का" एवढं विचारा. अर्ध्या तासात पुष्कळ कळतं.

नवीन प्रकल्पाला महारेरा नंबर आहे. आता तरी निश्चिंत?

महारेरा म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण. त्याचा नंबर हवाच. 500 चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन किंवा आठपेक्षा जास्त घरं असलेल्या प्रकल्पाला नोंदणी सक्तीची आहे, आणि जाहिरातीवर क्यूआर कोड असायलाच हवा. तो स्कॅन करून बिल्डरचं नाव, सर्व्हे नंबर, मंजूर मजले, पूर्णत्वाची तारीख, चालू खटले बघा आणि साइटवर दिसतं त्याच्याशी ताडून घ्या. दुसऱ्याच प्रकल्पाचा नंबर पत्रकावर छापलेला असू शकतो.

पण डोंबिवलीत 65 इमारतींच्या प्रकरणात महापालिकेची बनावट परवानगी जोडून महारेराचे नोंदणी क्रमांक मिळवल्याचं उघड झालं, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितलं. म्हणून महारेरा नंबर असला तरी महापालिकेकडची खात्री वगळू नका. आणि एक : करारनामा नोंदवण्याआधी बिल्डर किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. जास्त मागितली तर तो कायदा पाळत नाही हे तुम्हाला पहिल्याच भेटीत कळलं.

रीसेलचं घर बघतोय. सोसायटी जुनी आहे. काय मागायचं?

बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंतच्या सगळ्या करारांची साखळी, प्रत्येक व्यवहाराची सूची दोन (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा), शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र, घरपट्टी आणि लाइटबिल. मधल्या मालकाचं निधन झालं असेल तर वारसांचे कागद. मूळ करार बँकेत गहाण असेल तर बँकेचं पत्र. "मूळ कागद गावाला आहेत" असं कुणी म्हटलं तर ते गावाहून येईपर्यंत थांबा.

त्याच फ्लॅटचे आधी काय व्यवहार झाले ते नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये फुकट दिसतं. एकच फ्लॅट दोघांना विकलेला असेल तर तिथे उघडा पडतो. वकिलाकडून 30 वर्षांचा शोध अहवाल घ्याच.

इमारतीची प्रकृती बघायला पावसाळ्यात जा. गच्चीवर चढा, जिन्याखालचे खांब बघा, सळई उघडी पडली आहे का बघा. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नियमावलीप्रमाणे, 15 ते 30 वर्षं वयाच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी व्हायला हवं, त्यापुढे दर तीन वर्षांनी. शेवटचा अहवाल मागा. सेक्रेटरी टाळाटाळ करत असेल तर तेही उत्तरच आहे. जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, झालं आहे का हेही विचारा. इमारत कधीतरी पुनर्विकासाला जाणार, आणि तेव्हा जमीन सोसायटीच्या नावावर असण्याला फार महत्त्व येतं.

चाळीतली खोली नोटरीवर सहा-सात लाखांत मिळतेय.

नोटरीच्या कागदाने किंवा कुलमुखत्यारपत्राने स्थावर मालमत्तेची मालकी मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये हे स्पष्ट केलं आहे. तुम्ही फक्त ताबा विकत घेत आहात, तोही पुढच्या कारवाईपर्यंतचा. सहा लाख ही तुमची सगळी पुंजी असेल तर ती तिथे घालू नका, असं मी हात जोडून सांगते. त्या पैशांत अधिकृत इमारतीतल्या वन आरकेसाठी स्वतःचा हिस्सा उभा राहतो.

वन आरके घ्यावा की ओढाताण करून वन बीएचके?

घरात दोघंच किंवा दोघं आणि एक लहान मूल असेल तर कायदेशीर वन आरके हा अनधिकृत वन बीएचकेपेक्षा कधीही चांगला. मूल दहावीला येईल तेव्हा दाराआड अभ्यासाला जागा लागते हेही खरं, म्हणून मोठ्या घराची ओढ मला समजते. पण हप्ता घरात येणाऱ्या पगाराच्या 40 टक्क्यांवर गेला की एका आजारपणात सगळं कोसळतं.

क्षेत्रफळ फक्त कार्पेटमध्ये, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेत बोला. एजंट "चारशे तीस" म्हणतो तो सुपर बिल्टअपचा, म्हणजे भिंती-जिने धरून काढलेला आकडा. आत कार्पेट पावणेतीनशे निघू शकतं. करारात चौरस मीटर लिहिलेले असतात, त्यांना 10.764 ने गुणा. 25 चौरस मीटर म्हणजे 269 चौरस फूट. टेप घेऊन जा आणि भिंतीच्या आतून मोजा. बाल्कनी आत घेतलेली असेल तर ती मंजूर नकाशात आहे का, हेही बघा.

किमतीशिवाय आणखी किती पैसे हातात हवेत?

22 लाखांच्या रीसेल घराचा हिशेब करून दाखवते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या मूल्याच्या 90 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळू शकतं, म्हणजे 19 लाख 80 हजार. उरलेले 2 लाख 20 हजार तुमचे. मुद्रांक शुल्क अधिभारांसह 6 ते 7 टक्के, म्हणजे 1 लाख 32 हजार ते 1 लाख 54 हजार. नोंदणी फी 1 टक्का, 22 हजार (ती कितीही मोठ्या व्यवहारात 30 हजारांच्या वर जात नाही). एजंटची दलाली 1 ते 2 टक्के. सोसायटीचं हस्तांतरण शुल्क, ज्याची कमाल मर्यादा 25 हजार आहे. वकील, बँकेची प्रक्रिया फी. सगळं मिळून पाच लाखांच्या आसपास तुमच्या खिशातून जातात. मुद्रांक शुल्क कर्जात बसत नाही, हे फार जणांना शेवटच्या आठवड्यात कळतं.

जुन्या इमारतीचं मूल्यांकन बँक बरेचदा सौद्याच्या किमतीपेक्षा कमी करते, तेव्हा आणखी लाख-दीड लाख बाजूला ठेवा. 19 लाख 80 हजारांना 8.5 टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता साधारण 17,200 येतो. मेंटेनन्स वेगळा.

घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर ती मिळत नाही. 22 हजार वाचतात आणि घर तिच्या नावावर होतं. यावर घरात मोकळेपणाने बोला. कर्जात नवरा सहकर्जदार राहू शकतो.

बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी लागतो : 45 लाखांपर्यंतची किंमत आणि 60 चौरस मीटरपर्यंत कार्पेट असेल तर 1 टक्का. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या घरावर आणि रीसेलवर नाही.

सरकारी अनुदान मिळतं का?

प्रधानमंत्री आवास योजना शहरी 2.0 मध्ये व्याज अनुदान आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 9 लाखांपर्यंत, घराची किंमत 35 लाखांपर्यंत, कर्ज 25 लाखांपर्यंत, आणि देशात कुठेही कुटुंबाच्या नावावर पक्कं घर नसावं. पहिल्या 8 लाखांच्या कर्जावर 4 टक्के, एकूण जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार, तेही वार्षिक हप्त्यांत. गावचं वडिलोपार्जित पक्कं घर तुमच्या नावावर असेल तर बँकेला आधीच सांगा. हे अनुदान गृहीत धरून हप्त्याचं गणित मांडू नका. आलं तर कर्जात भरा.

मालक अर्धे पैसे रोख मागतोय.

नाही म्हणा. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही. दंड घेणाऱ्याला आहे, पण व्यवहार फिसकटला तर रोख दिल्याचा पुरावा तुमच्याकडे नसतो. शिवाय करारातली किंमत कमी दाखवली की कर्जही त्याच कमी किमतीवर मिळतं. एवढं करून मुद्रांक शुल्क वाचतच असं नाही, कारण ते करारातली किंमत आणि रेडी रेकनरचं (सरकारी दरपत्रकाचं) मूल्य यांतल्या मोठ्या आकड्यावर लागतं.

पाणी?

सूर्या प्रादेशिक योजनेचं पाणी येऊ लागल्यापासून परिस्थिती सुधारली, पण प्रत्येक इमारतीपर्यंत ती सुधारणा पोचलेली नाही. "पाणी चोवीस तास" हे वाक्य टाकीच्या बाबतीत खरं असतं. टाकी कशाने भरते ते विचारा. सोसायटीच्या हिशेबात टँकरवर मागच्या एप्रिल-मे महिन्यांत किती खर्च झाला तो आकडा मागा. महापालिकेची नळजोडणी इमारतीच्या नावावर आहे का ते बघा. बोअरचं पाणी असेल तर बाथरूमच्या नळांवरचा पांढरा थर सगळं सांगतो. तळमजल्यावरच्या बाईला विचारा. तिच्याइतकं खरं उत्तर कुणी देत नाही.

पावसाळ्यात तुंबतं म्हणतात.

तुंबतं. जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढून गाड्या बंद पडल्या होत्या. पूर्वेला तुळींज, सेंट्रल पार्क, आचोळे रोडच्या सखल भागांत जोराच्या पावसात रस्त्यावर गुडघाभर पाणी होतं. म्हणून या भागांत तळमजला घेऊ नका, स्वस्त असला तरी. इमारतीचा मीटरबॉक्स माणसाच्या डोक्यापेक्षा वर सरकवलेला दिसला, दुकानांच्या उंबऱ्यावर विटांची भिंत बांधलेली दिसली, की पाणी कुठवर येतं ते न विचारता कळतं. घर बघायला एकदा तरी भर पावसात या. डिसेंबरमध्ये सगळीच घरं कोरडी असतात.

रोजच्या लोकलचं काय?

हे कुणी सुखाचं आहे असं सांगत असेल तर तो तुम्हाला घर विकतोय. सकाळी विरारहून गाडी भरूनच येते. बसायला जागा हवी म्हणून लोक आधी उलटं विरारला जाऊन तिथून परत येतात. चर्चगेटला जायचं असेल तर गाडीतच सव्वा तास ते दीड तास, वर शेअर रिक्षा आणि पुलावरची गर्दी. अंधेरी-बोरिवलीला नोकरी असेल तर निभतं. दादरच्या पुढे रोज जायचं असेल तर टोकन देण्याआधी सलग आठवडाभर त्या वेळेला तो प्रवास करून बघा, शक्यतो ज्याला रोज करायचा आहे त्याने स्वतः. स्टेशनापासून घर लांब असेल तर रिक्षाचे रोजचे पैसे महिन्याच्या हप्त्यात धरून दराची तुलना करा. बऱ्याचदा लांबचं स्वस्त घर पाच वर्षांत स्वस्त राहत नाही.

बायको-मुलगी रात्री एकटी परत येईल का?

इमारतीपेक्षा वाट बघा. रात्री साडेदहाला स्टेशनावर उतरा आणि घरापर्यंत चालत जा. दिवे कुठे संपतात, मेडिकल आणि किराणा किती वाजेपर्यंत उघडे असतात, शेअर रिक्षा कुठवर मिळते, कोपऱ्यावर कोण उभं असतं. शेवटचा रस्ता रहदारीचा असेल तर रोजचं येणं-जाणं सुसह्य होतं. ऑक्टोबर 2020 पासून इथे मीरा-भाईंदर, वसई-विरार असं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे आणि पोलीस ठाणीही वाढली. त्या इमारतीतल्या दोन-तीन नोकरदार बायकांशी, एजंट बरोबर नसताना, बोला. घर आवडलं की नाही हे घरातल्या मुलीला विचाराच, आणि तिने नको म्हटलं तर तिचं ऐका.

म्हाडाचा पर्याय आहे का?

आहे, आणि तो आधी बघावा असं मला वाटतं. विरार-बोळींजला म्हाडाच्या कोकण मंडळाची मोठी वसाहत आहे. तिथली बरीच घरं सोडतीत गेली नाहीत म्हणून प्रथम येणाऱ्यास प्राधान्य या पद्धतीने विकायला काढली गेली. दर नालासोपाऱ्याच्या जुन्या घरांपेक्षा जास्त पडेल आणि विरार स्टेशनापासून अंतर आहे, पण परवानगीची आणि मालकीची चिंता राहत नाही. म्हाडाचा अर्ज फक्त अधिकृत संकेतस्थळावरून करा. "आतून काढून देतो" म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

उद्या विकायचं झालं तर पैसे निघतील का?

अधिकृत कागद, ओसी, कन्व्हेयन्स आणि चालत दहा-पंधरा मिनिटांवर स्टेशन असेल तर गिऱ्हाईक मिळतं, कारण त्याला कर्ज मिळतं. अनधिकृत घराला फक्त रोखीचं गिऱ्हाईक मिळतं आणि ते भाव पाडून मागतं. झटपट दुप्पट होईल या आशेने इथे घर घेऊ नका. राहण्यासाठी घ्या.

टोकन किती द्यावं?

घर आवडल्याची खूण म्हणून अकरा हजार, एकवीस हजार, चेकने किंवा ऑनलाइन, आणि साध्या कागदावर दोघांच्या सह्यांनी लिहून : कागदपत्रांत दोष निघाला किंवा बँकेने इमारतीमुळे कर्ज नाकारलं तर पूर्ण रक्कम परत. हे लिहून द्यायला जो तयार नाही त्याला टोकन देऊ नका. "संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय" हे वाक्य प्रत्येक घराबाबत ऐकायला मिळेल.

नोंदणी झाली, किल्ली मिळाली. आता?

सूची दोनची प्रत काढून नाव, फ्लॅट क्रमांक, क्षेत्रफळ अक्षर न् अक्षर तपासा. चूक असेल तर चूकदुरुस्तीपत्र लगेच करून घ्या, नंतर विक्रेता सापडत नाही. सोसायटीत सभासदत्वाचा अर्ज, शेअर सर्टिफिकेटवर नाव, नॉमिनी. घरपट्टी महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात आणि वीजबिल महावितरणकडे आपल्या नावावर करा. विक्रेत्याचं जुनं कर्ज होतं तर बोजा उतरल्याचा बँकेचा दाखला घेऊन ठेवा. सगळ्या कागदांचे स्कॅन घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा, आणि मूळ कागद बँकेत जमा केले असतील तर त्यांची यादी बँकेच्या शिक्क्यासह मागून घ्या. मग पहिल्या सर्वसाधारण सभेला जा आणि स्ट्रक्चरल ऑडिट व कन्व्हेयन्स हे दोन विषय पटलावर घ्यायला सांगा. बहुतेक सोसायट्यांमध्ये ते विचारणारं कुणी नसतं म्हणूनच अडलेले असतात.